शेवटचा हात आपला

बेळगावात बँकेच्या कॅश काउंटरवर माझी ३१ वर्षं गेली. काचेवर कन्नड आणि इंग्रजीत छापील पाटी होती, आणि तिच्याखाली आम्हीच हातानं लिहून चिकटवलेली मराठी ओळ: ‘काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्या.’ ती कुणी वाचत नसे. बोटाला थुंकी लावून नोट न् नोट मोजणारे यळ्ळूरकडचे शेतकरी सोडले, तर बाकीचे बंडल खिशात कोंबून चालू पडायचे. मला मनातल्या मनात हसू यायचं. तोच मी निवृत्तीनंतर लेकी-जावयाबरोबर इंडोनेशियातल्या बाली बेटावर गेलो, आणि तिथल्या कुटा भागात एका बोळातल्या मनी चेंजरनं मला माझ्याच धंद्यात गंडवलं.

हे सगळं पुन्हा आठवलं ते अनगोळच्या तात्यांमुळं. त्यांच्या मुलाचं मे महिन्यात लग्न आहे आणि जोडपं लगेच थायलंडमधल्या फुकेत बेटावर जाणार आहे. तात्या संध्याकाळी फाटकाशी येऊन उभे राहिले. “काय की भाऊ, पोरं चाललीत तिकडं, पण लुटतात-बिटतात म्हणं. पाठवू का नको?” म्हटलं, खुशाल पाठवा, पण आधी बसा. दोन संध्याकाळी मिळून त्यांना जे सांगितलं, ते जरा नीट लावून इथं लिहितोय.

पहिली गोष्ट, बेटावर चोर जास्त असतात असं काही नाही. तिथला पाहुणा चोराच्या सोयीचा असतो, एवढंच. आपल्याकडं गणपतीच्या आठवड्यात गणपत गल्लीतून जाताना बायकांचा हात आपोआप मंगळसूत्रावर जातो, पुरुषांचा खिशावर. पाकीट मारलंच, तर ओरडायला माणसं असतात, ओळखीचा दुकानदार असतो, पोलीस स्टेशन कुठं आहे ते ठाऊक असतं. केस उभी राहिली तर तारखेला कोर्टात जायला आपण गावातच असतो. फुकेतला गेलेल्या माणसाचं परतीचं विमान गुरुवारी असतं. तो साक्ष द्यायला येणार नाही, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. भाषा येत नाही. पासपोर्ट, रोकड, कार्ड आणि फोन एकाच पाउचमध्ये गळ्यात. आणि सोबतची माणसं म्हणतात, जाऊ दे, मूड कशाला घालवायचा. म्हणून फसवणुकीची रक्कमही बेतानं ठरवलेली असते: भांडत बसण्यापेक्षा सोडून देणं स्वस्त वाटावं, इतकीच.

सुरा दाखवून लुटणं आपली माणसं जातात त्या बेटांवर क्वचित घडतं. जे घडतं ते बहुतेक हसतमुखानं घडतं, आणि एका ठरावीक क्षणी. आपली वस्तू आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, तो क्षण. नोटा, पासपोर्ट, कार्ड, ग्लास, कुणाची तरी बॅग. हा एक क्षण सांभाळला की बाकी सहल मोकळ्या मनानं करता येते.

आता माझी फजिती. रस्त्यावरच्या फळ्यावर डॉलरला १६,४०० रुपियाचा (रुपिया हे तिथलं चलन) दर लिहिला होता. थोडं मागं एका काचेच्या, एसी लावलेल्या ऑफिसात १६,२०० होता. जावई म्हणाले, “मामा, इथं दोनशे जास्त आहेत की.” ३०० डॉलरवर फरक ६० हजार रुपिया, म्हणजे आपले तीनशे-सव्वातीनशे रुपये. त्या तीनशेसाठी आम्ही बोळात शिरलो.

दुकान म्हणजे टी-शर्ट आणि नारळाच्या करवंटीच्या वस्तू विकणारी टपरी, आणि मागं एक टेबल. शंभर डॉलरच्या तीन नोटा दिल्या. ४९ लाख २० हजार रुपिया यायचे होते. इंडोनेशियात मोठी नोट एक लाखाची असते, पण त्यानं सगळ्या ५० हजाराच्याच काढल्या. वीस-वीस नोटांच्या, म्हणजे दहा-दहा लाखांच्या चार थप्प्या लावल्या. पाचवी अठरा नोटांची, आणि वर वीस हजाराची एक सुटी. मी मोजल्या. चोख. मग तो म्हणाला, थांबा साहेब, एकत्र लावून देतो. सगळ्या थप्प्या एकत्र उचलल्या, टेबलाच्या कडेवर ठक-ठक आपटून सरळ केल्या, रबर चढवलं आणि दोन्ही हातांनी अदबीनं दिल्या.

नोटा ठोकून सरळ करणं हे काम मी रोज केलंय. म्हणूनच बहुधा त्यात काही वावगं वाटलं नाही. हॉटेलवर पलंगावर मोजल्या तर सात नोटा कमी. ती ठक-ठक चालू असताना मागच्या बाजूच्या नोटा त्याच्या मांडीवर घसरल्या होत्या. साडेतीन लाख रुपिया, आपले साधारण १,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेलो. तो रागावला नाही, की लाजला नाही. त्यानं मागच्या भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. इंग्रजीत होती: जाण्यापूर्वी पैसे मोजून घ्या.

यातली युक्ती दराच्या फळ्यापासूनच सुरू होते. बाजारापेक्षा जास्त दर देणारा माणूस तो फरक कुठून तरी भरून काढणारच. लहान नोटा देतो, कारण थप्पी जाड झाली की चार-सहा नोटांची घट हाताला कळत नाही. मध्येच कॅल्क्युलेटर पुढं करतो, गप्पा मारतो, आकड्यांतली शून्यं इतकी असतात की आपलं डोकं गरगरतं. आणि खरी चोरी आपण मोजल्यानंतर होते, आधी नाही. म्हणून मोजणं पुरेसं नाही. आपण मोजल्यानंतर त्या नोटांना दुसऱ्याचा हात लागता कामा नये. लागला, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, मागं रांग का असेना. तो चिडला, तर व्यवहार मोडायचा. आपले डॉलर आधी परत घ्यायचे, मगच त्याचे रुपिया द्यायचे. बँक इंडोनेशियाचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, परवाना दर्शनी भागात लावलेलं दुकान बघावं, नाहीतर सरळ बँकेच्या आवारातल्या एटीएममधून काढावेत. चार्ज पडतो, पडू दे.

तात्यांच्या मुलाला मात्र नोटांपेक्षा स्कूटरची जास्त काळजी घ्यावी लागेल. आपल्या पोरांना दुचाकीचं वेड. चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलं की काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची ॲक्टिव्हा घ्यायची, लायसन दाखवायचं, पेट्रोल टाकून सुटायचं. तीच सवय घेऊन ती फुकेतच्या पातोंग बीचवर उतरतात. तिथला दुकानदार म्हणतो, डिपॉझिट नको, पासपोर्ट ठेव. पोराला वाटतं, बरं झालं, पैसे वाचले. परत देताना गाडीच्या पोटाखाली, जिथं कुणी बघत नाही तिथं, एक ओरखडा निघतो. नुकसान भरून दे, मग पासपोर्ट ने. उद्या सकाळी विमान. इथं हिशेब गाडीचा नसतो, विमानाच्या वेळेचा असतो.

जेट स्कीचा खेळ हाच, फक्त आवाज मोठा. फुकेत आणि पट्टाया या दोन्ही ठिकाणी त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी आहेत. पंधरा मिनिटं पाण्यात फिरून आलात की किनाऱ्यावर चार-पाच जण उभे, आणि जेट स्कीच्या तळाला जुनाच तडा, जो आता तुमचा.

पासपोर्ट कुणाकडंही गहाण ठेवायचा नाही. तो आपला नाहीच मुळी. भारत सरकारची मालमत्ता आहे, तसं त्याच्यातच छापलेलं असतं. हॉटेलवाल्यानं नोंदीसाठी बघून झेरॉक्स काढून परत दिला तर हरकत नाही. गाडीवाल्याला रोख डिपॉझिट द्यावं आणि ते लिहून घ्यावं. जो पासपोर्टावाचून देतच नाही, त्याची गाडी नको. गाडी ताब्यात घेताना मालक फ्रेममध्ये येईल असा मोबाइलवर सावकाश व्हिडिओ काढायचा: चारी बाजू, आरसे, पोटाखालचा भाग, पेट्रोलचा काटा. हा व्हिडिओ पुढं भांडणात पुरावा म्हणून कामी येईलच असं नाही. पण तो काढताना बघितला की मालकाचा बेत बऱ्याचदा तिथंच बदलतो.

आणि लायसन. आपलं स्मार्ट कार्ड तिकडं पुरत नाही. जाण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष, आणि त्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला आहे का ते बघायचं. हा नसला तर दंड होतो तो वेगळाच. अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी हात वर करते, आणि मोडलेल्या पायाचं बिल सासऱ्याकडं येतं. हे वाक्य मी तात्यांना मुद्दाम दोनदा सांगितलं.

यात आपल्या भागातल्या माणसांची एक खोड नडते, ती सांगतो. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदावर सही करायची सवय लागलेली आहे. शेताचा उतारा कन्नडमध्ये, लाईट बिल कन्नडमध्ये, कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेला माणूस शेजारच्या कन्नड येणाऱ्या अक्कांना विचारतो, “काय लिहिलंय हो?” आणि त्या सांगतात तिथं अंगठा नाहीतर सही. इथं ते चालून जातं, कारण अक्का विश्वासातल्या असतात. पातोंगला थाई लिपीतल्या करारावर सही करताना शेजारी अक्का नसतात. फोनचा कॅमेरा कागदावर धरून भाषांतर दाखवणारं ॲप असतं, ते निघण्याआधी उतरवून घ्यावं. नुकसानभरपाईचा आकडा आणि डिपॉझिटची ओळ एवढ्या दोन तरी वाचाव्यात.

बीचवर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी कुणी करत नाही. सगळे एकदम पाण्यात जातात आणि बॅग टॉवेलखाली झाकतात, जणू टॉवेलखाली बघायचं चोराला सुचणारच नाही. एकानं काठावर बसायचं, आळीपाळीनं. पासपोर्ट आणि अर्धी रोकड हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची, अंगावर त्या दिवसापुरतंच. रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून मॅप बघू नये. बालीत मागून स्कूटर येते आणि फोन जातो. भिंतीकडं सरकावं, मग बघावं. उलुवातूच्या देवळातली माकडं तर चष्मा आणि फोन पळवतात आणि खाऊ दिल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या हिचा चष्मा असाच गेला, दोन केळ्यांवर सुटला. त्या माकडांचा व्यवहार मनी चेंजरपेक्षा सरळ होता.

कार्डाचं थोडं बँकवाल्याच्या नजरेतून सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातच चालतं. परदेशातला वापर आपण स्वतः चालू करावा लागतो. चालू करताना मर्यादा कमी ठेवा आणि घरी आलात की बंद करा. हे बंद करायचं हमखास राहतं. एटीएमच्या फटीवर बसवलेलं उपकरण कार्डाची पट्टी वाचतं आणि वरचा बारीक कॅमेरा पिन टिपतो, म्हणून फट हलवून बघायची आणि बोटांवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरायचा. हॉटेलात बिल देताना कार्ड वेटरबरोबर आत जाऊ देऊ नका, मशीन टेबलाशी मागवा. आपला दोष नसताना पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर नुकसान बँकेनं सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पिन आपणच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून बँकेचा नंबर कागदावर लिहून वेगळ्या बॅगेत ठेवायचा. फोनमध्ये ठेवलेला नंबर फोन गेल्यावर काय उपयोगाचा?

दारूचा विषय निघाला तेव्हा तात्यांनी इकडं-तिकडं बघितलं. मुलगा घेत नाही म्हणाले. असेल. पण स्वस्त म्हणून गोव्याच्या हद्दीत जाऊन पिणाऱ्यांना हे कळायला हवं, की बेटावरची स्वस्त कॉकटेल हा वेगळाच प्रकार आहे. बालीत तांदळाची किंवा ताडाची ‘अराक’ नावाची दारू मिळते. घरगुती भट्टीवरच्या किंवा भेसळीच्या दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं. त्याला वेगळा वास नाही, वेगळी चव नाही. रात्री चढते तशीच चढते, आणि त्रास दुसऱ्या दिवशी सुरू होतो: डोकं, उलटी, पोटात कळ, आणि डोळ्यांसमोर धुकं पसरल्यासारखं दिसणं. ते धुकं हँगओव्हरचं नसतं. तासाभराचाही उशीर न करता मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि काय प्यालो ते न लाजता सांगायचं. वेळेत गेलं तर उतारा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग वियेंग या गावात सहा परदेशी पर्यटक असेच दगावले. ते बेट नव्हे, पण ग्लास तसलाच होता. बाटली आपल्यासमोर फोडलेली असावी, आणि ग्लास सोडून नाचायला गेलात तर परत आल्यावर तो ओतून टाकायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे निपाणी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंतच्या बेकार पोरांसाठी जास्त. कुणी फुकट थायलंडची सहल देत असेल, तिकीट-हॉटेल सगळं आमचं, फक्त येताना एक बॅग आणायची, तर त्या बॅगेत खाऊ नसतो. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला; तेव्हापासून तिथला हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पाण्यात वाढवलेला, गांजा घेऊन येणारी माणसं आपल्या विमानतळांवर पकडली जाताहेत. पकडला जातो तो बॅग धरणारा, तिकीट काढणारा नाही. आपल्याकडचा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. २० किलोपेक्षा जास्त गांजाला किमान दहा वर्षं. इंडोनेशियात तर अमली पदार्थांच्या तस्करीला फाशीपर्यंत शिक्षा आहे. विमानतळावर कुणी केविलवाण्या चेहऱ्यानं म्हणालं, माझं वजन जास्त झालंय, एवढी पिशवी तुमच्याबरोबर घ्या, तरी तेच उत्तर. माणुसकी दाखवायची असेल तर पाण्याची बाटली द्या.

हौसेनं घेतलेली ई-सिगारेटही थायलंडमध्ये बेकायदा आहे. मालदीवला दारूची बाटली नेता येत नाही. आणि परदेश नको, आपलं अंदमान बरं, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथं चोराची भीती कमी, पण आपणच आरोपी व्हायची शक्यता जास्त. बीचवर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकला, तर वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. जारवा आदिवासींच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे फोटो काढणं, त्यांना बिस्किटं देणं हाही गुन्हा.

एवढं करून काही घडलंच, तर त्याच दिवशी पोलिसांत जायचं. चोर सापडेल म्हणून नव्हे. तक्रारीची प्रत हातात पडावी म्हणून. तिच्याशिवाय विमा मिळत नाही, आणि पासपोर्ट हरवला असेल तर भारतीय वकिलातीतून घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट काढतानाही ती लागते. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, श्रीलंकेत १९१२. बालीत आणीबाणीचा सर्वसाधारण नंबर ११२. आपला दूतावास थायलंडमध्ये बँकॉकला आहे. बालीत देनपासारला वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचे आणि व्हिसाचे फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवावेत. फोनसकट सगळं गेलं तरी दुसऱ्याच्या फोनवरून ते मागवता येतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर घरच्यांनी इथून १९३० वर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत ते पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

तात्या उठता उठता थबकले. “आणि आमचं घर हो? आम्ही पण त्याच आठवड्यात पंढरपूरला निघालोय.” हे मात्र मी विसरलोच होतो. पोरं फुकेतहून दर तासाला फोटो टाकणार, म्हणजे घर बंद आहे ही बातमी गल्लीपासून गोवावेसपर्यंत. फोटो आल्यावर टाका म्हणून सांगायचं, सुनेला पटणार नाही ते वेगळं. पेपर आणि दूध बंद करायचं, आणि पोलीस स्टेशनला बंद घराची कल्पना देऊन ठेवायची, म्हणजे रात्रीच्या गस्तीला एक चक्कर होते. दागिने लॉकरमध्ये.

“किल्ली तुमच्याकडंच ठेवतो,” तात्या म्हणाले आणि कमरेचा जुडगा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथंच फाटकाच्या दिव्याखाली धरला. पुढचं दार, मागचं दार, गच्ची, माळा आणि एक कसली ते त्यांनाही आठवेना. पाच. त्यांनी पुन्हा एकदा बोटानं मोजल्या आणि मग जायला वळले.